सासूबाईंनी दाखवलेला गरुड

मैत्रिणींनो, स्कॉटलंडला जायचा कधी योग आलाच, तर एक दिवस मल बेटासाठी राखून ठेवा. नावाला हसू नका हं! आमची मुलंही आधी खो-खो हसली होती.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त ग्लासगोला असतात. जूनमध्ये सासूबाईंना घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हाची ही गोष्ट. आदल्या रात्री ओबन बंदरात मुक्काम केला आणि सकाळी गाडीसकट फेरीबोटीत चढलो. (गाडीची जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर धक्क्यावरूनच बोटीला टाटा करावा लागेल.) पाऊण तासात बेट आलं. ऊन कसं लख्ख पडलेलं! तरी स्वेटर जवळ हवाच. तिथल्या उन्हावर विसंबू नये.

रस्ता एकेरी. समोरून गाडी आली की कडेच्या जागेत थांबायचं आणि एकमेकांना हात करायचा. वाटेत ग्रुलिनला लॅकलन मॅक्वारी यांची समाधी पाहिली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचे हे गव्हर्नर त्याआधी हिंदुस्थानात लष्करात होते. १७९३ साली मुंबईत त्यांनी जेन जार्व्हिसशी लग्न केलं. १७९६ मध्ये ती मकावला वारली. पुढे इथल्या जमिनीला त्यांनी तिचं नाव दिलं, जार्व्हिसफील्ड. बिचारीनं ती जमीन कधी पाहिलीसुद्धा नाही!

उल्व्हा फेरीच्या धक्क्यावरून लुंगा बेटावर बोटी जातात. तिथे उन्हाळ्यात पफिन असतात. रंगीत चोचीचे, केशरी पायांचे हे गोजिरे पक्षी पाहायचे म्हणून मी महिनाभर मनात मांडे खात होते. पण तिथे उतरताना मोठमोठ्या धोंड्यांवरून चालावं लागतं आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. कुणीतरी त्यांच्याजवळ थांबायला हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे, जाऊबाई आणि मुलं बोटीत बसली. खरं सांगते, मी मनातून चांगलीच चिडले होते.

भाऊजींनी आम्हा दोघींना लॉख ना कील या खाडीच्या काठाने नेलं आणि एका ठिकाणी गाडी उभी केली. गाडीतच बसायचं, म्हणजे प्राणी बुजत नाहीत. मी मुकाट्याने दशम्या आणि लसणाची चटणी काढली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते कावळे कुणाच्या मागे लागलेत बघ." भाऊजी दुर्बीण घेऊन पाण्याकडे बघत होते. सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. परसातल्या आंब्यावर समुद्रगरुडाचं घरटं होतं, म्हणून कावळ्यांची बोंब उठली की वर बघायचं, ही त्यांची लहानपणची सवय.

आणि खरंच गरुड! पिवळी चोच, पांढरी शेपूट, आणि पंख असे की दारच उडत चाललंय. पसरले तर आठ फुटांपर्यंत भरतात, भाऊजी म्हणाले.

हा पक्षी ब्रिटनमधून माणसांनीच संपवला होता. शेवटचा १९१८ मध्ये शेटलंडला गोळी घालून मारला. मग १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम बेटावर सोडली. १९८५ मध्ये मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. म्हणजे एक पिल्लू उडायला दहा वर्षं लागली! अर्थात सगळेच खूश नाहीत. गरुड कधी कधी कोकरंही उचलतात. ज्याचं कोकरू जातं त्या मेंढपाळाला आमच्यासारखं कौतुक कसं परवडावं?

ओहोटीला शेवाळात एक पाणमांजर दिसलं. खेकडा दगडावर आणून कडाकडा खाल्ला आणि गेलं पाण्यात. ही समुद्रात शिकार करतात, पण केसांतलं मीठ धुवायला गोडं पाणी लागतं. आपण समुद्रावरून आल्यावर नाही का अंघोळ करत, तसंच!

संध्याकाळी मुलं परतली. "आई, पफिन अगदी हाताच्या अंतरावर उभे होते!" पोटात कालवलं बाई माझ्या. पफिन मी अजून पाहिलेला नाही.

परतीच्या बोटीत नातवंडांनी विचारलं, "आजी, गरुड केवढा होता?" सासूबाईंनी स्वेटरवरून घेतलेला पदर सोडवला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला. मग म्हणाल्या, "नाही पुरायचा. सूनबाई, तुझाही दे गं इकडे."