आधी मोजा, मग पान्हा लावा

जुना मिनी ट्रॅक्टर घरच्या घरी दुरुस्त करता येतो, सुधारताही येतो. त्यासाठी महागड्या हत्यारांपेक्षा नेमके निदान जास्त कामी येते.

निफाड, दिंडोरी, तासगावच्या द्राक्षपट्ट्यात मिनी ट्रॅक्टरशिवाय बागेचे पान हलत नाही. दोन ओळींत नऊ-दहा फुटांचे अंतर, डोक्यावर तारा आणि दोन्ही बाजूंनी लोंबणारा माल. अशा जागेत बेंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने आणलेला साडेअठरा हॉर्सपॉवरचा ‘शक्ती’ किंवा महिंद्राचा एका सिलिंडरचा, 15 हॉर्सपॉवरचा ‘युवराज’ असे छोटे ट्रॅक्टरच सहज फिरतात. त्यांतले कितीतरी आता जुने झाले आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, की डाऊनीची फवारणी उद्यावर ढकलता येत नाही. नेमका तेव्हाच ट्रॅक्टर बंद पडला तर मिस्त्रीची वाट पाहण्यात सगळा हंगाम पणाला लागतो. म्हणून माल उतरल्यावर आणि खरड छाटणीच्या आधी मिळणारे थोडे निवांत दिवस ट्रॅक्टरच्या कामाला द्यावेत.

जुन्या ट्रॅक्टरवर होणारा बराचसा खर्च बिघाडाचा नसतो, अंदाजाचा असतो. स्टार्ट होत नाही म्हणून नवी बॅटरी घेतली जाते. तरी होत नाही म्हणून सेल्फ बदलला जातो, मग नोझलवर संशय जातो. शेवटी दोष निघतो गंजलेल्या अर्थिंगच्या वायरीत. एक साधा मल्टिमीटर आणि त्या मॉडेलचे माहितीपुस्तक हाताशी असेल, तर हा सारा फेरा टळतो.

सेल्फ फिरत नाही तेव्हा

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची चांगली, पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण तो साडेनऊच्याही खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आहे. बॅटरी टिकून राहते आणि तरीही सेल्फ रेंगाळतो, तर वायरीकडे वळावे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून सेल्फ मारायला सांगावे. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर अर्थिंगच्या वाटेत गंज किंवा ढिलाई आहे. नट सोडावा, जागा पॉलिश पेपरने चकचकीत करावी आणि पुन्हा घट्ट आवळावा. खर्च जवळपास शून्य. इंजिन मध्यम गतीवर असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट आले, म्हणजे चार्जिंग ठीक आहे.

एअर घेतला तर

सेल्फ जोमात फिरतो, पण सायलेन्सरमधून धुराची रेघही निघत नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. टाकी तळाला गेली असेल किंवा फिल्टर नुकताच बदलला असेल, तर लाइनने एअर घेतला असे समजावे. एअर काढण्याचा क्रम टाकीपासून नोझलकडे जातो. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा. फेसाळ डिझेल येते, बुडबुडे थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. मग पंपाचा स्क्रू आणि शेवटी नोझलकडच्या पाइपचा नट ढिला करून सेल्फ मारायचा. एअर पुन:पुन्हा येत असेल, तर फिल्टरचे वॉशर आणि टाकीपासूनची रबरी नळी तपासावी. बारीक तडा गेलेली नळी डिझेल गळू देत नाही, पण हवा आत ओढते.

इथे एक पथ्य कडक पाळावे. नोझलकडच्या पाइपात दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोहून अधिक दाब असतो. गळती शोधायला तिथे बोट कधीही फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. डिझेलची बारीक धार कातडीत घुसली तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत विष पसरते. दुखो वा न दुखो, लगेच दवाखाना गाठावा.

इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. थंड इंजिनातून थोडा वेळ पांढरा धूर आला तर चिंता नको, पण इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर हेडच्या पॅकिंगवर संशय घ्यावा. ऑइल भरण्याच्या तोंडातून धूर ढकलला जात असेल, म्हणजेच बॅक कॉम्प्रेशन असेल, तर रिंगा आणि लायनर झिजल्याची ती खूण आहे.

धूळ आणि पाणी

रिंगा झिजवणारा पहिला शत्रू म्हणजे धूळ. ऑइल बाथ एअर क्लीनरच्या वाटीत गाळ साचला, की वाटी डिझेलने धुऊन नवे ऑइल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरले तर तेच ऑइल इंजिन ओढून घेते. मग एअर क्लीनर आणि इंजिन यांमधला रबरी होज काढून आतून बोट फिरवावे. बोटाला माती लागली तर फिल्टर न होताच हवा आत जाते आहे. क्लिप बदलावी, होज बदलावा. या एका तपासणीने इंजिनाचे आयुष्य कितीतरी वाढते.

दुसरा विषय थर्मोस्टॅटचा. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची सवय आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. त्याने मूळ रोग जात नाही, उलट इंजिन कायम थंड राहते, डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो. खरे कारण बहुतेक वेळा बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये धरलेला क्षार, जाळीत अडकलेला पाचोळा किंवा ढिला पट्टा हे असते. रेडिएटर आतून-बाहेरून साफ करावा, थर्मोस्टॅट पुन्हा बसवावा आणि साध्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

लिफ्टचेही असेच आहे. औजार झटके घेत वर जाते, तर आधी ऑइलची पातळी आणि जाळी पाहावी. उचललेले औजार इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसते, तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. कारण शोधून सगळेच ऑइल बदलावे.

कुठे थांबावे

फिल्टर, पट्टे, वायरिंग, ब्रेक आणि क्लचचे फ्री प्ले, व्हॉल्व्हची गॅप ही कामे पुस्तकातल्या मापाने घरी नीट होतात. डिझेल पंप आणि नोझल टेस्ट बेंचवरच तपासावे लागतात, घरी खोलू नयेत. क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टर मधून अलग करायचा असेल, तर पुढचा ॲक्सल मध्यभागी एकाच पिनवर डोलतो हे विसरता कामा नये. ॲक्सल आणि फ्रेम यांत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोकल्या नाहीत, तर इंजिनाचा भाग कुशीवर कलंडतो. पक्की फरशी, मजबूत स्टँड आणि जाणता माणूस सोबत नसेल तर ते काम वर्कशॉपलाच द्यावे. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर तोललेल्या ट्रॅक्टरखाली तर कुणीच जाऊ नये.

सुधारणा म्हणजे ताकद वाढवणे नव्हे

जुन्या ट्रॅक्टरचा पंप ‘वाढवून’ मोठा ब्लोअर ओढायचा मोह होतो. त्यातून काळा धूर, तापणारे इंजिन आणि दमलेला गिअरबॉक्स एवढेच पदरात पडते. शिवाय नोंदणीत असलेल्या वाहनात मनाने मूलभूत बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते. औजार इंजिनाला साजेसे घ्यावे.

पैसे घालायचेच तर सुरक्षिततेवर घालावेत. पहिला मान पीटीओ शाफ्टच्या गार्डचा. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरला, तरी सेकंदाला नऊ फेऱ्या होतात. 35 मिलिमीटर जाडीच्या शाफ्टचा घेर 11 सेंटिमीटर, म्हणजे अडकलेले उपरणे किंवा पदर सेकंदाला जवळजवळ मीटरभर गुंडाळला जातो. हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. तुटलेला गार्ड आजच बदलावा.

दुसरी जागा रोल बारची. अरुंद ट्रॅक्टर बांधावर चटकन कलंडतो. मॉडेलसाठी बनलेला, दुमडता येणारा बार घ्यावा. तारांखाली तो दुमडावा आणि तेव्हा सीटचा पट्टा लावू नये. बाहेर पडताच बार उभा करून पट्टा बांधावा. गावात वेल्डिंग करून घेतलेल्या पाइपावर जीव सोपवू नये, कारण तो भार पेलण्यासाठी तपासलेला नसतो.

पहाटेच्या फवारणीसाठी एलईडी दिवे उपयोगी पडतात. 55 वॉटचे दोन हॅलोजन नऊ अँपिअर खातात. जुन्या डायनामोला तो भार जड जातो. एलईडीला त्याचा लहानसा हिस्सा पुरतो, मात्र फ्यूज हवाच. फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर टायर वेगळ्या मापाचे घालू नयेत. पुढच्या-मागच्या चाकांचे प्रमाण कारखान्यात ठरलेले असते, ते बिघडले की सगळा ताण गिअरवर येतो.

या सगळ्यासोबत एक वही ठेवावी. अवर मीटरचा आकडा, बॅटरीचे व्होल्ट, बदललेले ऑइल, व्हॉल्व्हची गॅप, सारे तारखेसह लिहावे. पुढच्या वर्षी सेल्फ मारताना अकराऐवजी दहा व्होल्ट दिसले, तर बिघाड येण्याआधीच कळेल आणि सुट्या भागाची सोय छाटणीपूर्वीच करता येईल. मिस्त्रीकडे जावे लागले, तरी हातात आकडे असलेल्या शेतकऱ्याचे काम लवकर होते, नको ते भाग बदलले जात नाहीत आणि फवारणीचा दिवस हातचा जात नाही.