गाडी नेमकी कोण चालवतं?

सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या रिकाम्या चालकाच्या सीटवाल्या टॅक्सी आता रोजच्या झाल्या आहेत. भारतातून आलेले आई-बाबा मात्र हमखास विचारतात, "हीच ना ती ऑटोमॅटिक गाडी?" आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे क्लच नसलेली! आपली वर्तमानपत्रं 'स्वयंचलित' आणि 'चालकविरहित' हे शब्द आलटूनपालटून वापरतात. मी पूर्वी शिक्षिका होते, त्यामुळे अशा शब्दांपाशी थबकते. इथे तर शब्दाची गफलत जिवावर बेतू शकते.

अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेने स्वयंचलनाच्या 0 ते 5 अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी वेग आणि दिशा सांभाळते, पण लक्ष माणसानेच ठेवायचं. टेस्लाचं 'ऑटोपायलट' याच पायरीवरचं. वेमोची टॅक्सी चौथ्या पायरीवर. ठरलेल्या भागात ती माणसाविना चालते. बातम्यांत मात्र दोन्ही 'सेल्फ-ड्रायव्हिंग'.

नावाने काय फरक पडतो? 2019 मध्ये 'आयआयएचएस' या अमेरिकी संस्थेने दोन हजारांवर चालकांना दुसऱ्या पायरीवरच्या पाच प्रणालींची नावं सांगून मत विचारलं. 'ऑटोपायलट' सुरू असताना स्टिअरिंग सोडणं सुरक्षित आहे, असं 48 टक्क्यांना वाटलं. बाकी नावांपैकी एकाच्याही बाबतीत हा आकडा 33 टक्क्यांपुढे गेला नाही. 2021 मध्ये वेमोने 'सेल्फ-ड्रायव्हिंग' हा शब्दच सोडला. 2024 मध्ये टेस्लाने 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग'ला 'सुपरवाइज्ड' ही पुरवणी जोडली.

मार्च 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा बळी घेतला. मथळ्यांत 'गाडीने' मारलं. पुढे तपासात दिसलं, की संगणकाने तिला 5.6 सेकंद आधी टिपलं होतं, पण पादचारी म्हणून ओळखलंच नव्हतं. सीटवरच्या चालकाचं लक्ष फोनमध्ये होतं. आणि कंपनीची सुरक्षाव्यवस्था तोकडी होती. हे सगळं त्या 'गाडीने'मध्ये झाकलं गेलं.

मराठी मथळ्यांना ही सवय जुनीच आहे. 'भरधाव ट्रकने चिरडले', यात ट्रक भरधाव, चालक गायब! आता चालक खरोखरच नसेल, तेव्हा तर जबाबदार माणसं शोधणं आणखी अवघड होणार.

म्हणून अशी बातमी मुलांबरोबर वाचताना मी दोन प्रश्न विचारते: गाडी कितव्या पायरीवरची होती? आणि त्या क्षणी लक्ष ठेवण्याचं काम कोणाचं होतं? बातमीत उत्तर नसेल, तर बातमी अपुरी आहे. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवण्याआधी एवढं पाहायला काय हरकत आहे?