उलटे गुरुत्व आणि उघडी वही

देवळीच्या आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण काढले जाते. बहुतेक वह्यांत उत्तर ९.८ येते. लंबक इतका आज्ञाधारक नसतो, हे मला ठाऊक आहे आणि मुलांनाही! चुकलेली वाचने कच्च्या वहीत राहतात; पक्क्या वहीत स्वच्छ आकडे उतरतात.

मग स्वतःची कच्ची वही जगापुढे ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावे?

टेरी कॅव्हना या आयरिश खेळकर्त्याने २०१० साली एक संगणक-खेळ विक्रीस आणला. नाव म्हणजे इंग्रजी 'व्ही' हे अक्षर सहा वेळा. त्यातल्या नायकाला उडी मारता येत नाही. कळ दाबली की त्याच्यापुरते गुरुत्वाकर्षण उलटते व तो छताकडे 'पडतो'. गणितात हे फारच सोपे आहे : त्वरणाचे चिन्ह अधिकाचे उणे करायचे. पण वेगाला मर्यादाही घालावी लागते. समजा, प्रत्येक चित्रचौकटीला वेग ३ ने वाढतो व मर्यादा १० आहे. मग वेग ३, ६, ९, १०, १० असा जाईल. पावसाचा थेंबही हवेच्या रोधामुळे असाच एका सीमान्त वेगाने खाली येतो. फरक एवढाच, की थेंब त्या वेगाला हळूहळू पोचतो.

खेळ विकत घेणाऱ्याला मात्र हे काही दिसत नाही. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्रभाषेत रूपांतरित होऊन त्याच्या हाती येते. म्हणजे सदरा मिळतो, शिंप्याचा बेतलेला कागद मिळत नाही. उसवून थोडेफार कळेल, पण शिंप्याने काय योजले होते ते कळणे कठीण.

जानेवारी २०२० मध्ये, खेळाला दहा वर्षे झाली तेव्हा, कॅव्हनाने तो कागदच सर्वांसाठी खुला केला. संहिता वाचावी, आपल्यापुरती बदलून पाहावी. चित्रे व संगीत यांचे हक्क मात्र राखीव. जाणकारांनी आत डोकावले तो काय! खेळातल्या प्रसंगांना नुसते क्रमांक दिलेले आणि त्यांचे शेकडो पर्याय एकाच लांबलचक आज्ञेत कोंबलेले. पुष्कळ हसले. ही गैरसोय आहे हे कॅव्हनानेही लपवले नाही. पण मला विशेष वाटते ते पुढचे : अनोळखी लोकांनी दोष शोधले, दुरुस्त्या पाठवल्या. २०२४ साली आलेल्या २.४ या आवृत्तीत वेल्श, आयरिश अशा भाषांतही खेळ खेळता येऊ लागला. त्या यादीत मराठी नव्हती, ही आपली बाब.

हे वाचल्यावर मी वर्गात कच्च्या वह्या मागितल्या. बरीच चुळबुळ झाली. एका मुलीच्या वहीत १०.९ खोडलेले होते. तिला मी मोजणी पुन्हा करून दाखवायला सांगितले. लंबक सोडताच तिने घड्याळ सुरू केले व त्याच क्षणी 'एक' म्हटले! म्हणजे वीस म्हणेपर्यंत आंदोलने झाली एकोणीस. २० भागिले १९, त्याचा वर्ग करा, ९.८ ने गुणा : १०.९ येते. तिचा लंबक बरोबर होता, घड्याळही बरोबर होते. तिने खोडलेल्या आकड्याखाली 'शून्यापासून मोजणे' असे लिहिले आणि तेच पान पक्क्या वहीला जोडले.