फोटो स्वच्छ, पण गांठ तशीच

स्तनांत गांठ लागली तर ती कोणाजवळ बोलावी, या संकोचांत महिनेन् महिने घालविणाऱ्या भगिनी सुशिक्षित घरांतही विरळा नाहींत. अलीकडे मात्र उलट प्रकारची एक चूक आमच्या दृष्टोत्पत्तीस येऊं लागली आहे. आमच्या एका स्नेह्यांच्या बेचाळीस वर्षांच्या सूनबाईंच्या हाताला गांठ लागली. मॅमोग्राफीचा फोटो स्वच्छ आला. घरांत पेढे वांटले गेले. पांच महिन्यांनीं सोनोग्राफी झाली तेव्हां रोग काखेपर्यंत पोंचला होता.

क्ष-किरणांची साक्ष खोटी नसते, पण ती अपुरी असूं शकते. बर्लिनचे शस्त्रवैद्य आल्बर्ट सालोमोन यांनीं शस्त्रक्रियेनें काढलेल्या सुमारें ३००० स्तनांचीं क्ष-किरणचित्रें तपासून १९१३ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें, तेथून या विद्येचा आरंभ होतो. चित्रांत चरबी काळसर उमटते, दुग्धग्रंथींचा दाट भाग पांढरा, आणि अर्बुदही पांढरेंच! पन्नाशीपुढें दाट भाग बहुधा कमी होतो, म्हणून रोग उठून दिसतो. तरुण स्त्रीच्या चित्रांत त्याला हुडकणें म्हणजे दहींभातांत खोबऱ्याचा तुकडा शोधण्यासारखें आहे. यंत्राच्या दोन पट्ट्यांत स्तन दाबून धरतात त्याचा त्रास होतो खरा. पण थर पातळ झाल्याखेरीज चित्र रेखीव येत नाहीं, आणि किरणही अधिक लागतात.

अशा वेळीं ध्वनिलहरींची सोनोग्राफी उपयोगीं पडते. गांठींत नुसतें पाणी आहे कीं ती भरीव आहे, हें ती सहसा सांगते. क्ष-किरण नसल्यानें गर्भवतीसही ती बाधत नाहीं. तथापि अखेरचा निवाडा सुईनें काढलेला गांठीचा कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच होतो. सुई टोचल्यानें रोग अंगभर पसरतो ही समजूत आम्हांस घरोघर आढळते. तिला आधार नाहीं.

आणि हात? मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालयाच्या वैद्यांनीं १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारें दीड लाख स्त्रियांवर मोठा प्रयोग चालविला. निम्म्या स्त्रियांची तपासणी शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं नुसत्या हातांनीं करीत. अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. एकंदर मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाहीं. परंतु पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले. यंत्रापुढें हाताला तुच्छ लेखणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

म्हणून हाताला गांठ लागत असेल, स्तनाग्रांतून रक्त येत असेल किंवा कातडीला खळगा पडला असेल, तर फोटो कसाही असो, "पुढची तपासणी कोणती?" असें वैद्यांस विचारल्याशिवाय उठूं नये. मॅमोग्राफीला जातांना जुने फोटो बरोबर न्यावेत, आणि त्या दिवशीं अंगाला पावडर लावूं नये. तिचे कण चित्रांत चुन्याच्या कणांसारखे दिसतात आणि उगीच घोटाळा होतो.