संध्याकाळची माळ आणि वाटणीचा कागद

धाकटी डहाणूच्या मंडळींना मोठ्या घराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. होडी समुद्रात न्यायची तर बापलेक, काका-पुतणे, मेहुणे असे सगळे हात लागतात. किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घालायला सासू-सुना, नणंदा-भावजया लागतात. शेतीवाडीतही तेच. घरची माणसे हेच भांडवल. म्हणून आज आपल्याच पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या काही मोठ्या घरांची हकीगत सांगतो. ही घरे वाडीवर जगणारी, मराठी बोलणारी आणि कॅथॉलिक पंथाची आहेत.

२०१३ पासून डहाणू रोडहून विरारकडे लोकल धावते. वैतरणा ओलांडली की वसई तालुका लागतो. नालासोपाऱ्याला उतरून समुद्राच्या बाजूला निघालात की निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल ही गावे भेटतात. केळीच्या बागा, पानवेली, मोगरा, चाफा, भाजीपाला; वाडीला पाणी द्यायला खणलेली बावखले; आणि रस्त्याच्या वळणावर कुठे ना कुठे एक क्रूस. इथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात. हे नाव पोर्तुगीज भाषेतल्या ‘कोंपाद्रे’ या शब्दावरून आले असे सांगतात. मुलाचा स्नानसंस्कार होतो तेव्हा त्याला एक धर्मपिता आणि एक धर्ममाता लाभते. मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता यांचे आपसात जे नाते, ते कोंपाद्रे. म्हणजे पाहा, जातीवरून नाही, धंद्यावरून नाही, तर एका मुलापायी जुळलेल्या नात्यावरून अख्ख्या समाजाला नाव पडले. माझ्या माहितीत इतके प्रेमळ नाव दुसऱ्या समाजाला नाही.

१५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढच्या दोनशे वर्षांत ही घरे ख्रिस्ती झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातले मठ ओस पडले, तिथले परदेशी साधू निघून गेले. वाडीवरची घरे मात्र जिथल्या तिथे राहिली. त्यांची बोली मराठीच होती, आणि शेजारचे सामवेदी हिंदू आजही तीच बोली बोलतात. राज्य गेले, मठ गेले, तरी धर्म राहिला. तो किल्ल्याच्या भिंतींनी राखला नाही, घरातल्या आजीने राखला असे मला वाटते. आणि त्या आजीचे हत्यार म्हणजे संध्याकाळची माळ.

ही माळ काय असते ते थोडक्यात सांगतो. चर्चची संध्याकाळची घंटा झाली, गुरे बांधली, चूल मंद केली, की घरातले सगळे वेदीसमोर जमतात. वेदी म्हणजे भिंतीतला कोनाडा किंवा एखादी फळी. तिच्यावर पवित्र मारियेची मूर्ती, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि एक दिवा. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येक मण्याला मारियेची प्रार्थना, आणि प्रत्येक दहाच्या आधी येशूच्या किंवा त्याच्या आईच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा. निम्मी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम. ऑक्टोबर आणि मे हे तर मारियेचे महिने. त्या दिवसांत शेजारपाजारची घरेही एकत्र येतात.

सगळेच डोळे मिटून भक्तीत बुडालेले असतात असे मात्र समजू नका. धाकटी पोरे दहा मण्यांत तीन डुलक्या काढतात, थोरल्या मुलाचे लक्ष बाहेर शीळ घालणाऱ्या मित्राकडे असते, आणि सुनेच्या मनात चुलीवरची आमटी असते. तरी माळ चालतेच. खरी गंमत शेवटी आहे. माळ संपली की घरातल्या प्रत्येकाची काळजी बोलून दाखवायची. आजारी आत्या, दहावीची परीक्षा, आखातात गेलेला मुलगा, आटलेली विहीर, गेलेले आजोबा. दहा-पंधरा माणसांच्या घरात कोणाला काय दुखते हे सगळ्यांना रोज ऐकावे लागते. मग धाकट्यांनी थोरल्यांचा आशीर्वाद घ्यायचा आणि पाने मांडायची. दिवसभर एकमेकींशी न बोललेल्या दोन जावांनाही एकाच ओळीत बसून एकाच सुरात म्हणावे लागते. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूची एक शिकवण आहे. वेदीवर दान ठेवायला गेलास आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी भावाकडे जा, समेट कर, मग ये. रोज संध्याकाळी हे ज्या घरात वाचले-बोलले जाते, तिथे अबोला फार दिवस धरवत नाही.

या मोठ्या घरांनी आणखी एक गोष्ट केली. घरातला एखादा मुलगा, एखादी मुलगी चर्चला दिली. वसईच्या गावांतून किती फादर आणि सिस्टर निघाल्या! भुईगावचे थॉमस डाबरे १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले बिशप झाले. तुमचे डहाणू आणि तलासरी तालुकेही याच धर्मप्रांतात येतात. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबल सुबोध मराठीत आणले, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईच्या चळवळीत शेतकऱ्यांच्या पाण्यासाठी आणि जमिनीसाठी उभे राहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. अशा माणसाचा सगळीकडे गौरव होतो, आणि व्हावाच. पण लेकराला देऊन टाकणाऱ्या आईच्या पंगतीतले एक पान कायमचे रिकामे होते, त्या पानाचा गौरव कोणी करीत नाही. तलासरीला ज्ञानमाता सदनाच्या वसतिगृहात वारल्यांची मुले शिकली. तिथे आयुष्य घालवलेल्या फादरांच्या मागे कुठे ना कुठे अशी एक आई होतीच.

आता दुसरी बाजू. ज्या घरात आठ-दहा भावंडे, तिथे प्रेम जेवढे मोठे तेवढाच वाटणीचा प्रश्नही मोठा. आयर्लंड नावाचा दूरचा देश आहे, तोही शेतकऱ्यांचा आणि कॅथॉलिकांचा. तिथल्या मेयो परगण्यातल्या एका गरीब शेतकऱ्याच्या घरात १९०९ साली पॅट्रिक पेटन जन्मले. भावंडे नऊ, शेत लहान, आणि बाप रोज रात्री सगळ्यांना घेऊन माळ म्हणणारा. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून तिथली रीत अशी की जमीन बहुधा एकाच मुलाकडे जायची आणि बाकीच्यांनी परदेश धरायचा. १९२८ मध्ये पॅट्रिक आणि त्यांचा भाऊ थॉमस अमेरिकेला गेले. पुढे पॅट्रिक पाद्री झाले आणि बापाची ती घरगुती माळ त्यांनी जगभर मोठमोठ्या सभा घेऊन नेली. तिथे शेत अखंड राहिले, घर फुटले. आपल्याकडे उलटे. आपण सगळ्यांना वाटतो. घर जवळ राहते आणि शेताची चिंधी होते. कुठले बरे, हे मी सांगू शकत नाही. पण चिंधीला जेव्हा सोन्याचा भाव येतो, तेव्हा काय होते ते वसईकरांनी पाहिले आहे.

वसईत आधी बिल्डर आले, मग इमारती आल्या, मग २००९ मध्ये महानगरपालिका आली. ज्या वाडीत केळीचा घड मोजून दिला जायचा, तिथे गुंठ्याचा भाव लाखांत बोलू लागले. बावखले बुजली. आणि एकाच वेदीसमोर वाढलेले भाऊ कोर्टात समोरासमोर उभे राहिले. रविवारी दोघेही मिस्साला येतात, एक उजव्या बाजूच्या बाकावर, एक डाव्या. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दोघेही आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला येतात, आणि एकाची लावून होईपर्यंत दुसरा फाटकापाशी थांबतो. हे चित्र वसईपुरतेच नाही. हिंदूंच्या, मुसलमानांच्या घरांतही नेमके हेच चालते. फक्त जागा निराळी.

हे तुम्हाला आज सांगण्याचे कारण आहे. मुंबई–वडोदरा महामार्ग आणि बुलेट ट्रेन यांच्यासाठी डहाणू-तलासरीच्या जमिनी घेतल्या गेल्या. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध असतानाही. बंदर हवे की नको हा आजचा विषय नव्हे. मोबदल्याचा पैसा ज्या घरात येतो, त्या घरात जुनी माया कसाला लागते, हा आजचा विषय आहे.

त्यातही सगळ्यात जास्त कसाला लागते ती बहिणीची माया. कायदा काय म्हणतो ते आधी ऐका. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखे. मुलगा-मुलगी असा भेद नाही. नऊ एकर जमीन, मागे बायको आणि सहा मुले असतील तर बायकोचे तीन एकर आणि प्रत्येक मुलाचा, प्रत्येक मुलीचा एक एकर. एखादा मुलगा बापाआधीच गेला असेल तर त्याच्या लेकरांना त्याचा वाटा. गोव्यात निराळा कायदा आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून मुलामुलींना सारखा हक्क आहे आणि बापाला अर्धी मिळकत मुलांसाठी राखावीच लागते. हिंदू घरांत २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. आदिवासींना तो हिंदू कायदा लागू नाही, तिथे जमातीची रूढी पाहिली जाते. म्हणजे कागदावर ख्रिस्ती मुलगी फार आधीपासून भावाच्या बरोबरीची आहे.

पण प्रत्यक्षात? प्रत्यक्षात एक दिवस भाऊ मिठाईचा पुडा घेऊन येतो आणि सोबत हक्कसोडपत्र असते. “ताई, नुसती सही हवी, तलाठ्याकडे नोंद अडली आहे.” ताई सही करते. कधी खऱ्या मायेने करते. भावाची पोरे शिकायची आहेत, तिला स्वतःला काही कमी नाही. अशा सहीला मी हात जोडतो. पण कधी ती यासाठी करते की सही नाही केली तर माहेरचे दार बंद होईल, आजारी आईला भेटता येणार नाही, सणाला कोणी बोलावणार नाही. ही माया नव्हे. हा मायेचा धाक आहे. आणि ज्या घरात रोज माळ म्हटली जाते, तिथेही हा धाक चालतो हे सांगताना वाईट वाटते. विधवा आईचे तर विचारूच नका. तिचा तिसरा हिस्सा आहे हे तिला कित्येकदा माहीतही नसते. तिला वाटते, मुले जेवायला घालतात हेच पुष्कळ.

हक्कसोड नोंदणी केलेलीच असावी लागते आणि एकदा केली की मागे घेणे कठीण, हे बहिणींनो, ध्यानात ठेवा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही असे नसते, आणि नाव आहे म्हणून एकट्याचीच मालकी असेही नसते. बाप हयात असेल तर त्याने मृत्युपत्र करावे, आणि करताना मुलींना समोर बसवावे. ज्या बापाने दहा भावंडांना एका दिव्यासमोर बसवले, त्याला हे जड जाऊ नये.

भावांनाही एक सुचवावेसे वाटते. बहिणीकडे निरोप तिच्या नवऱ्याकरवी किंवा फोनवरून पाठवू नका. स्वतः जा, आणि कागद घेऊन जाऊ नका. आधी नुसते सांगा की मोबदला किती आला, जमीन किती उरली, आईचे काय ठरवायचे. मग एका संध्याकाळी सगळ्यांना मूळ घरी बोलवा. हल्ली रात्रीच्या लोकलने येणाऱ्यांमुळे वसईतल्या पुष्कळ घरांत माळ उशिरा होते, काही घरांत फक्त रविवारी होते. तर तो दिवस रविवारचा असू द्या. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर तुमच्या देवघरापुढे बसा. दिवा लावून झाला की कागद मोठ्याने वाचा, आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि सही त्याच दिवशी मागू नका. ताईला तो कागद घरी नेऊ द्या, तिच्या मुलीला वाचून दाखवू द्या. आठ दिवस लागले तर लागू द्यात.