सोमवारी कमिटी, शनिवारी काय?

वीकएंडला समाजकार्य करायला निघताय? छान! पण गावच्या वाटेवर तुमच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, हे जीपमध्ये बसण्याआधीच विचारून घ्या...

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून सुटायचं, सॅकमध्ये टॉर्च, रेनकोट आणि दोन टीशर्ट कोंबायचे आणि शनिवारी पहाटे सहाला नाशिक फाट्यावर हजर! चाकण, राजगुरुनगर, मंचर... मंचरला चहा-मिसळ झाली की गाडी डावीकडे घोडेगावला वळते. डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागतं, मोबाइलची रेंज जाते आणि बॉसचा मेलही आपोआप विसरला जातो. नाहीतर नारायणगावहून जुन्नर गाठायचं आणि शिवनेरी मागे टाकून आपटाळ्याच्या बाजूला सटकायचं.

ट्रेकला नव्हे हं, कामाला! मुलांना गणित शिकवायला, दगडी बांध घालायला, वनहक्काचे अर्ज भरायला मदत करायला. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात शहरातून कामाला जाणारे असे ग्रुप नवीन नाहीत. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. त्यानंतर ज्यांनी हा भाग नकाशावरही पाहिला नव्हता, त्यांचेही पाय इकडे वळले.

माझी एक मैत्रीण दोन वर्षं अशीच जायची. आयटीतली नोकरी, पण सगळा जीव गावातल्या शनिवारच्या वर्गात. ग्रुप शहरातलाच, नाव नको. ग्रुपचे सर्वेसर्वा म्हणजे 'दादा'. चाळिशीतले, चांगली नोकरी सोडून या कामात उतरलेले. सगळ्यांना त्यांचं भारी कौतुक, हिलाही होतंच.

एका रविवारी रात्री परतताना दादा जीपमध्ये तिच्या शेजारी बसले. अंधारात त्यांचा हात नको तिथे आला. तिने झटकला. पुन्हा आला. पुढचा दीड तास ती खिडकीला चिकटून बसली. चाकणचे दिवे दिसले तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

तिने धीर करून ग्रुपमधल्या सीनियर ताईंना सांगितलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अगं, त्यांनी आयुष्य वाहिलंय गं या कामाला. हे बाहेर गेलं तर देणगीदार जातील, गावातला वर्ग बंद पडेल. तू समजूतदार आहेस."

ती समजूतदार निघाली. तिने जाणं सोडलं. जीप मात्र दर शनिवारी निघत राहिली.

त्या सोमवारी ऑफिसात पाण्याच्या कूलरपाशी ती उभी होती. समोर भिंतीवर बोर्ड : अंतर्गत समिती, सदस्यांची नावं, फोन नंबर. चार वर्षं तो तिथेच होता, तिने पहिल्यांदाच नीट वाचला. सोमवार ते शुक्रवार तिच्यासाठी एक अख्खी कमिटी होती. शनिवार-रविवारी कोण होतं?

ऑफिसची कमिटी आली कुठून?

गंमत म्हणजे, आपल्या एसी ऑफिसातली ही कमिटी कुठल्या कॉर्पोरेट डोक्यातून निघालेली नाही. ती आली एका खेड्यातल्या कार्यकर्तीमुळे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करायच्या. त्यांनी गावातला बालविवाह रोखायचा प्रयत्न केला. त्याचा राग धरून सप्टेंबर १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं.

भंवरीदेवींचं काम शेताच्या बांधावर आणि लोकांच्या ओसरीवर. मग तिथे कामामुळे त्यांच्यावर जे ओढवलं त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न घेऊन 'विशाखा' आणि इतर संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ला कोर्टाने विशाखा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि पुढे २०१३मध्ये कायदा झाला. आज तुमच्या कंपनीच्या कमिटीत बाहेरचा एक सदस्य असावा लागतो आणि तो बहुधा स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतूनच येतो!

म्हणजे चळवळीने हा नियम सगळ्या देशाला दिला. पण चळवळीच्या स्वतःच्या जीपमध्ये?

झाकली मूठ

कार्यकर्त्यांना बाहेरून धोका असतो, हे खरंच आहे. आपल्याच जिल्ह्यात, तळेगाव दाभाडेला, जमिनींचे गैरव्यवहार उघड करणाऱ्या सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१०ला खून झाला. अशा वातावरणात 'आपल्यातलं बाहेर नको' ही भावना पटकन रुजते. विरोधक टपलेलेच आहेत, त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण या मुठीत कोण चिरडलं जातं? एप्रिल २०२१मध्ये पश्चिम बंगालची एक तरुणी दिल्लीच्या वेशीवर टिकरीला शेतकरी आंदोलनात सामील झाली. महिनाअखेरीस ती कोविडने गेली. मे महिन्यात तिच्या वडिलांच्या तक्रारीवरून तिच्याबरोबरच्या काही आंदोलकांवर अत्याचाराचा गुन्हा नोंदवला गेला. हजारोंच्या त्या गर्दीत तिने कोणाकडे जायचं होतं?

आपल्याकडच्या ग्रुपांचं आणखी एक अजब. हेच लोक गावाला शिकवतात की वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यात, ठराव लिहून ठेवा, हिशेब ग्रामसभेपुढे मांडा, तहसीलदारांना जाब विचारा. हे शिकवायलाच हवं! पण त्यांच्या स्वतःच्या कोअर टीमचं इतिवृत्त मागा... दादांच्या डायरीत असेल, ही डायरी आपण सहसा पाहिलेली नसते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आणि माझ्या मैत्रिणीकडे निदान एक पर्याय होता, ती जाणं बंद करू शकली. त्याच ग्रुपसाठी गावात दोन हजारांच्या मानधनावर वर्ग सांभाळणारी मुलगी कुठे जाणार? रविवारी रात्री आपली जीप निघते, ती तिथेच राहते. तिचं मानधन, तिची गावातली अब्रू, सगळं त्याच दादांच्या हातात.

कायदा तुमच्या बाजूने

बरेच ग्रुप म्हणतात, आम्ही काही कंपनी नाही, सगळे मनापासून येतात. कायद्याला हे मान्य नाही. २०१३च्या कायद्यानुसार ट्रस्ट, सोसायटी, एनजीओ ही सगळी 'कामाची जागा' आहे. पगार न घेता स्वेच्छेने काम करणाराही 'कर्मचारी' आहे. कामासाठी जिथे जावं लागतं ते ठिकाण आणि संस्थेने दिलेली गाडी, म्हणजे ती जीपसुद्धा, कामाची जागाच!

दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. त्यासाठी घोडेगावच्या बाईने पुण्याला खेटे घालायला नकोत. ग्रामीण आणि आदिवासी भागात प्रत्येक तालुक्याला नोडल अधिकारी नेमावा आणि त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असं कायद्यातच लिहिलंय.

तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समोरच्यालाही आपली बाजू मांडता येते आणि नावं गुप्त राहतात. निव्वळ सिद्ध झाली नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. म्हणजे कमिटी ही भल्या दादांच्याही सोयीची! नाहीतर उरते ती कुजबुज, आणि कुजबुजीत निर्दोष सुटण्याची सोय नसते.

लहान मुलांचा प्रश्न असेल तर मात्र कमिटीही नाही. १८ वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. 'ग्रुपमध्येच मिटवू' म्हणणारा स्वतःच गुन्हेगार ठरू शकतो. वर्गावर शिकवणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं. चाइल्डलाइनचा नंबर १०९८.

जीपमध्ये बसण्याआधी विचारा

१. तुमची अंतर्गत समिती आहे का? कोण कोण आहे? संस्थापकांच्या पत्नी किंवा बहीण अध्यक्ष असतील तर पुन्हा विचारा.

२. तक्रार खुद्द दादांविरुद्ध किंवा ताईंविरुद्ध असेल तर ती कोणाकडे जाते?

३. गावात राहणाऱ्या कार्यकर्त्या मुलींना हे नंबर माहीत आहेत का? मराठीत लिहून लावलेत का?

४. मुक्कामाची, झोपण्याची, रात्रीच्या प्रवासाची सोय कोण ठरवतं? एकटीला एकट्याबरोबर पाठवलं जातं का?

५. ट्रस्ट असेल तर ऑडिट झालेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात का? जे पैशाचा हिशेब देत नाहीत, ते वागण्याचा काय देणार?

हे विचारल्यावर कोणी रागावलं, तर तुम्हाला उत्तर मिळालंच म्हणून समजा.

माझ्या मैत्रिणीने तक्रार केली नाही. तिला कायदा कळला तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्याची खंत तिला अजून आहे. 'माझ्यानंतर त्या सीटवर कोण बसली असेल?' असं ती मध्येच म्हणते आणि मला उत्तर सुचत नाही.

पण गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा निघाली, दुसऱ्या ग्रुपबरोबर, जुन्नरच्या बाजूला. आधी फोन करून हे पाचही प्रश्न विचारले. पलीकडची मुलगी जरा गडबडली. "समिती नाहीये हो आमची. माणसं मात्र चौदा आहेत," म्हणाली. दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला, "ताई, झाली समिती. बाहेरच्या सदस्यही मिळाल्या. पण पहिली मीटिंग कशी घ्यायची असते, ते तुमच्या ऑफिसात विचारून सांगाल का?"

मैत्रिणीने सोमवारी कूलरजवळच्या बोर्डावरचा नंबर फिरवला. पहिल्यांदाच.