टाकळा कोणता, कासविंदा कोणता?

पावसाने जोर धरला की रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडीक जागेत टाकळा दाटीने उगवतो. ठाणे-पालघरच्या बाजारांत आदिवासी बाया त्याचे वाटे लावून बसतात. कोवळा पाला, भरपूर कांदा-लसूण, वरून ओले खोबरे, झाली भाजी. हल्ली शहरातली हौशी मंडळीही तो स्वतः खुडायला निघतात. पण त्याच जागेत त्याचा एक भाऊबंद वाढतो: कासविंदा. पिवळी फुले, शेंगा, संयुक्त पाने, सगळे वरवर सारखेच. काही भागांत त्याला रानटाकळाच म्हणतात आणि घोळ वाढतो.

ओडिशातही नावांचा असाच घोळ आहे. तिकडे टाकळा म्हणजे चाकुंडा आणि कासविंदा म्हणजे बड चाकुंडा. 2016 च्या पावसाळ्याअखेरीस मलकानगिरी जिल्ह्यात शंभराच्या आसपास लहान मुले दगावली. आधी संशय जपानी मेंदूज्वरावर गेला आणि काही मुलांना तो होताही. मात्र अनेक मृत्यूंमागे तज्ज्ञांना बड चाकुंड्याच्या बिया दिसल्या. काही मुलांच्या लघवीत या बियांतली अँथ्राक्विनोन ही विषारी द्रव्ये सापडली. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या अशाच आजाराचे गूढ त्याआधी काही वर्षे याच शेंगांपाशी उलगडले होते. कासविंद्याचे विष यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर घाला घालते.

मग ओळखायचे कसे? वासावर तर मुळीच जाऊ नये, चुरडल्यावर दोघांनाही उग्र दर्प येतो. पान मोजावे. टाकळ्याच्या पुऱ्या वाढलेल्या पानात पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि त्या टोकाकडे रुंद, गोलसर होतात. कासविंद्याला बहुधा चार ते सहा जोड्या, टोके निमुळती. अगदी कोवळ्या रोपात ही मोजणी फसू शकते. अशा वेळी देठाच्या बुडाशी पाहावे: तिथे फुगीर ग्रंथी दिसली तर तो कासविंदा. टाकळ्याची ग्रंथी खालच्या पर्णिकांच्या मधोमध असते. शेंगा धरल्या की काम सोपे होते. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, कडेने फिकट.

आयुर्वेदात कासविंद्याला कासमर्द म्हणतात, खोकल्यावर तो वापरतात. औषध आहे म्हणून ताटात वाढावे असे थोडेच आहे!

दुसरी फसवी वनस्पती कळलावी. लाल-पिवळ्या ज्वालेसारख्या फुलांमुळे पावसाळ्यात ती लांबूनही ओळखू येते. फुले गळाली की जमिनीतला कंद मात्र रताळ्यासारखा किंवा रानकंदासारखा वाटतो. कंदाच्या नांगरासारख्या आकारामुळे संस्कृतात तिचे नाव लांगली. कंदात कोल्चिसीन असते आणि ते उकळूनही जात नाही.

फोनवरच्या फोटोवरून भाजी ठरवण्याची नवी सवय या साऱ्यात सर्वांत घातक वाटते. फोटोत देठाचे बूड क्वचितच येते. पहिले दोन-तीन पावसाळे बाजारातल्या जाणत्या बाईकडूनच भाजी घ्यावी आणि तिलाच विचारावे. खाल्ल्यावर उलट्या किंवा गुंगी सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसू नये. उरलेली भाजी, पाने किंवा शेंगा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा.